मराठवाडा नेमका कशात 'स्पेशल'? उच्च शिक्षणाची प्रदेशवार वाटणी

तिफण
केरळ म्हटलं की नर्सिंग, तमिळनाडू-आंध्र म्हटलं की इंजिनिअरिंग, मणिपाल-मंगळुरू म्हटलं की मेडिकल-डेंटल. शिक्षणाचे असे पट्टे देशभर पडलेत. मग मराठवाडा म्हटलं की काय?
नव्वद टक्के लोक 'लातूर पॅटर्न' म्हणतील. पण ती बारावीची आणि नीटची गोष्ट. पोरगं लातुरात तयार होतं आणि डॉक्टर मुंबई-पुण्यात होतं. त्याला उच्च शिक्षणातलं विशेषीकरण म्हणायला मी तयार नाही.
माझं मत असं की आपल्याला स्वतःचं विशेषीकरण आहे आणि ते शेती-पशू-अन्न या अंगानं आहे. फरक इतकाच की दक्षिणेत बाजारानं आणि खासगी संस्थांनी पट्टे पाडले, आपल्याकडं सरकारनं कुठं काय नेऊन ठेवलं त्यावर सगळं ठरलं. जाणकारांनी भर घालावी, खोडूनही काढावं. कॉलेजांची जाहिरात मात्र नको.

हुरडापार्टी
मराठवाड्याचं विशेषीकरण म्हणजे एमपीएस्सीची अभ्यासिका. धागा बंद करा.

कोरडवाहू
तिफण, शेतीच्या अंगाला पुरावा भरपूर आहे. परभणीचं कृषी महाविद्यालय १९५६ चं, म्हणजे मराठवाडा विद्यापीठाहूनही दोन वर्षं जुनं. कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ ला झालं. राहुरी १९६८, अकोला १९६९, दापोली आणि परभणी १९७२, असा क्रम आहे. २०१३ पासून नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ.
या चौघांत परभणीचं वेगळेपण म्हणजे अन्नतंत्र महाविद्यालय, १९७६ चं. 'प्रक्रिया उद्योग' हा शब्द पुढाऱ्यांच्या भाषणात यायच्या कितीतरी आधी इथं बी.टेक. फूड टेक सुरू होतं. चार वर्षं, आठ सत्रं, शेवटच्या टप्प्यात कारखान्यात प्रशिक्षण. त्याच आवारात कृषी अभियांत्रिकी, उद्यानविद्या आणि सामुदायिक विज्ञान (जुनं नाव गृहविज्ञान). लातूरला कृषी जैवतंत्रज्ञान. साधी बी.एस्सी. ॲग्री करायची तर परभणी, लातूर, बदनापूर, अंबाजोगाई, धाराशिव आणि हिंगोलीजवळ गोळेगाव.
संशोधन केंद्रंही पिकाप्रमाणं वाटलेली आहेत: बदनापूरला कडधान्य, नांदेडला कापूस, लातूरला गळीतधान्य, संभाजीनगरच्या हिमायतबागेत फळं. तुरीची बीडीएन ७११ मधलं 'बीडीएन' म्हणजे बदनापूर, आणि एनएचएच ४४ कापसातला पहिला 'एन' नांदेडचा. पदव्युत्तरला विषय निवडताना हे बघावं. कडधान्य पैदास करायची आणि मार्गदर्शक, प्रक्षेत्र, जुने वाण हे सगळं जिथं आहे ते केंद्र सोडून दुसरीकडं प्रबंध टाकायचा, तर दोन हंगाम नुसती सामग्री गोळा करण्यात जातात.

सरकी
कापसाचा विषय निघालाच आहे तर नांदेडचं एसजीजीएस विसरू नका. इंजिनिअरिंगची ही १९८१ ची संस्था आणि तिथं टेक्स्टाइल टेक्नॉलॉजीची पदवी आहे. महाराष्ट्रात टेक्स्टाइलची पदवी मोजक्याच ठिकाणी: मुंबईत व्हीजेटीआय, इचलकरंजीत डीकेटीई, अशी. इचलकरंजीत गल्लीत माग आहेत. कोइमतूरला गिरण्या आहेत म्हणून तिथं पीएसजी कॉलेज आहे. नांदेडात उस्मानशाही मिल होती, ती बंद पडली. विभाग राहिला आणि गिरणी गेली.
म्हणून तिफण यांचं 'सरकारनं ठरवलं' हे मला अर्धंच पटतं. ठरवताना उद्योग होता, नंतर तो उठून गेला. आज तिथं टेक्स्टाइल करणाऱ्यांची नोकरी सुरत, भिलवाडा, लुधियाना, तिरुप्पूर. कटऑफ त्याच संस्थेतल्या कॉम्प्युटरपेक्षा बराच खाली असतो. मग 'एसजीजीएस तर मिळालं' म्हणून लोक घेतात आणि सॉफ्टवेअरमध्ये जातात. कताई-विणाई-रंगाई आवडत नसेल तर नुसत्या संस्थेच्या नावासाठी ती शाखा भरू नये. पहिल्या वर्षानंतर शाखा बदलून मिळेल या आशेवर तर मुळीच नाही, तशा जागा अगदी थोड्या असतात.

निजामकाळ
थोडं मागं जाऊ. १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात. उस्मानिया १९१८ चं, माध्यम उर्दू. औरंगाबादला १९२३ ला इंटरमिजिएट कॉलेज निघालं. म्हणजे दोन वर्षं इथं आणि पदवीला हैदराबाद. मराठी माध्यमातल्या पोराला भाषेची भिंत आणि अंतराची भिंत, दोन्ही. संस्थान विलीन झाल्यावर १९५० ला बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं मिलिंद महाविद्यालय औरंगाबादला निघालं, त्याच वर्षी स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेचं पीपल्स कॉलेज नांदेडला. ही सुरुवातीला उस्मानियालाच जोडलेली होती. स्वतःचं विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ ला मिळालं.
पुणे-मुंबईच्या मानानं शंभर वर्षांचा उशीर. उशिरा सुरुवात झाली की आधी कला आणि कायदा येतो, कारण त्याला फळा, खडू आणि ग्रंथालय पुरतं. प्रयोगशाळा आणि कार्यशाळा लागणारं शिक्षण नंतर येतं. मराठवाड्यात कला शाखेचं वजन जास्त दिसतं त्याचं एक मूळ इथं आहे.

ज्वारीची_भाकर
निजामकाळ, कला शाखेला 'उशिराचं लक्षण' म्हणून मोडीत काढू नका. नागसेनवनातून, म्हणजे मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातून, जी पिढी निघाली तिनं मराठी साहित्याची आणि चळवळीची दिशा बदलली. विद्यापीठात पाली-बौद्ध अध्ययन, प्राचीन इतिहास, पर्यटन प्रशासन असे विभाग आहेत. अजिंठा-वेरूळ तासाभराच्या नाहीतर दोन-अडीच तासांच्या अंतरावर असताना हे विभाग इथं असणं हे खरंखुरं स्थानिक विशेषीकरण आहे. पालीला विद्यार्थी किती येतात हा वेगळा प्रश्न.
आणि कला शाखा सगळ्या देशातच जड आहे. ऑल इंडिया सर्व्हे ऑन हायर एज्युकेशन, म्हणजे आयशे, २०२१-२२: पदवीला कला सुमारे ३४ टक्के, विज्ञान १५ च्या आत, वाणिज्य १३ च्या वर, इंजिनिअरिंग १२ च्या आसपास. मराठवाडा यात जगावेगळा नाही.

आकडेकाका
आता आकडे आलेच, तर 'विशेषीकरण' मोजायचं कसं ते सांगतो, नाहीतर हा धागा 'आमच्याकडं खूप आहे' वर संपेल.
भूगोल-अर्थशास्त्रात यासाठी स्थानिक गुणक वापरतात. जिल्ह्यातल्या एकूण विद्यार्थ्यांत त्या शाखेचा टक्का काढा, राज्याचा (किंवा देशाचा) टक्का काढा, पहिल्याला दुसऱ्यानं भागा. समजा एका जिल्ह्यात २०,००० पदवी विद्यार्थी आणि त्यात १,६०० फार्मसीचे, म्हणजे ८ टक्के. राज्यात फार्मसी ४ टक्के धरली तर गुणक २. एकच्या वर म्हणजे त्या शाखेकडं कल आहे, दीडच्या वर म्हणजे ठळक आहे, असं ढोबळ मानतात. (हे आकडे फक्त उदाहरणापुरते आहेत, उद्या कुणी व्हॉट्सॲपवर फिरवू नका.)
चुका कुठं होतात ते जास्त महत्त्वाचं.
मंजूर जागा आणि भरलेल्या जागा या दोन वेगळ्या गोष्टी. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाला मान्यता देणारी परिषद) यादीत मंजूर प्रवेशक्षमता असते, आयशेत प्रत्यक्ष पटावरचे विद्यार्थी. निम्म्या जागा रिकाम्या असलेलं कॉलेज पहिल्या यादीत दुप्पट मोठं दिसतं.
अभ्यासक्रमाची लांबी. डी.फार्म. दोन वर्षांचा, बी.टेक. चार, पशुवैद्यक साडेपाच. एकूण पट मोजला तर लांब अभ्यासक्रम फुगतो. म्हणून फक्त पहिल्या वर्षाचे प्रवेश घ्या.
मुक्त विद्यापीठ. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय नाशिकला. विद्यार्थी अंबडचा असो की अहमदपूरचा, दूरस्थ शिक्षणाचा आकडा मुख्यालयाकडं जातो. तो बाजूला काढला नाही तर नाशिक जिल्हा विश्वगुरू दिसतो.
आयशेचे तीन नमुने असतात: एक विद्यापीठांचा, दुसरा कॉलेजांचा, तिसरा स्वतंत्र संस्थांचा. पॉलिटेक्निक, डी.एल.एड. (जुनं डी.एड.) आणि नर्सिंग डिप्लोमा तिसऱ्यात. फक्त दुसरा घेऊन हिशोब मांडला की मराठवाड्यातलं निम्मं तंत्रशिक्षण गायब.
आणि जिल्हे. जालना १ मे १९८१ ला औरंगाबादेतून निघाला, लातूर १९८२ ला उस्मानाबादेतून, हिंगोली १९९९ ला परभणीतून. जुनी आकडेवारी जोडताना आई-लेकीला एकत्र करावं लागतं. त्यात आता उस्मानाबाद-धाराशिव, औरंगाबाद-छत्रपती संभाजीनगर अशी दोन-दोन नावं. नावानं जोडणी केली की ओळी निसटतात, जिल्हा-कोडानं करा.

हुरडापार्टी
काका, तुम्ही एवढं लिहिलं तोवर परभणीत दोन फार्मसी कॉलेजं निघाली.

गोदाकाठ
हुरडापार्टी, विनोदात दम आहे. फार्मसी कौन्सिलनं २०१९ ला नव्या कॉलेजांवर पाच वर्षांची बंदी घातली होती. ती न्यायालयात टिकली नाही, सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये कौन्सिलचं म्हणणं फेटाळलं. त्यानंतर डी.फार्म.चा पूर आला.
पूर येण्याचं कारण साधं आहे. एका तुकडीला ६० जागा, दोन वर्षं, प्रयोगशाळा लागतात पण कार्यशाळा नाही, रुग्णालय नाही. इंजिनिअरिंगला जेवढी इमारत आणि यंत्रं लागतात त्याच्या काही हिश्शात काम होतं. ज्या संस्थाचालकाचं डी.एड. कॉलेज बंद पडलं त्याच्याकडं इमारत तयारच असते.
प्रवेश घेणाऱ्यानं बघायचं ते असं: त्या वर्षाची फार्मसी कौन्सिलची मान्यता आहे का (मागच्या वर्षाची चालत नाही), दोन वर्षांनंतरचं ५०० तासांचं प्रशिक्षण कोणत्या दुकानात-रुग्णालयात होणार, आणि ग्रंथालयापेक्षा आधी फार्मास्युटिक्सची लॅब उघडून दाखवायला सांगा. कुलूप लावून ठेवलेली असेल तर परत फिरा.

बालाघाटी
डी.एड.चं उदाहरण या धाग्यात फार मोलाचं आहे. २००५-१० च्या सुमारास काकांचा गुणक काढला असता तर बीड-लातूर-नांदेडची शिक्षक-शिक्षणातली 'खासियत' डोळे दिपवणारी निघाली असती. मग शिक्षक पात्रता परीक्षा आली, २०१२ ला भरतीवर बंदी आली, आणि दोन-चार वर्षांत वर्ग ओस पडले. तेव्हा खासियत म्हणजे ताकद असं समजू नये. दुसरी स्वस्त वाट नसली की सगळी गर्दी एका फाटकातून शिरते, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.
केरळात नर्सिंग वाढलं तेव्हा मागं मिशन रुग्णालयं होती, नंतर आखातातली मागणी होती. मागणी बाहेरची पण पक्की. डी.एड.ची मागणी एका सरकारच्या एका जीआरवर उभी होती.

नाथसागर
दक्षिणेत बाजारानं पट्टे पाडले, हे तिफण यांचं विधान जरा तपासू. महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं ते वसंतदादांच्या काळात, १९८३ ला. कर्नाटकानं त्याआधीच वाट काढलेली, मणिपालचं मेडिकल कॉलेज १९५३ चं. म्हणजे तिथंही सरकारी धोरणानंच वाट दिली, फक्त पैसा खासगी होता. महाराष्ट्रात ती वाट आधी कुणी धरली? ज्यांच्या हाताशी साखर कारखाना आणि सहकारी बँक होती, म्हणजे पश्चिम महाराष्ट्रानं. मराठवाड्यात बागायत कमी, कारखाने उशिरा आणि कमजोर, म्हणून खासगी भांडवलही उशिरा. मग सरकारनं दिलेलं तेवढंच ठळक राहिलं. तिफण यांचा निष्कर्ष बरोबर, कारण वेगळं.

तिफण
नाथसागर, मान्य. 'भांडवल कुणाकडं होतं' हे मी धरलंच नव्हतं.

कोरडवाहू
पशुवैद्यकाकडं कुणी वळलं नाही म्हणून मीच लिहितो. नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची (२०००) मराठवाड्यात दोन पशुवैद्यक महाविद्यालयं: परभणी आणि उदगीर. त्याला भूगोलाचा आधार आहे. देवणी गाय उदगीर-देवणीच्या माळावरची, लाल कंधारी कंधारची, उस्मानाबादी शेळीच्या नावातच पत्ता. जातीचं संवर्धन शिकायचं तर जनावर दाराशी आहे.
आता मजा. उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालयसुद्धा आहे. समुद्रापासून चारेकशे किलोमीटर आत.

हुरडापार्टी
दुष्काळी भागात मासे शिकवणं म्हणजे आशावादाची पदवी.

शेवगा
हसू नका, त्यात तर्क आहे. रत्नागिरीच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय दापोली विद्यापीठाखाली, तिथं सागरी मासेमारी. नागपूर आणि उदगीरला गोड्या पाण्यातलं मत्स्यपालन. जायकवाडी, येलदरी, सिद्धेश्वर, विष्णुपुरी, मांजरा आणि शेकडो पाझर तलाव, शेततळी. रोहू-कटला-मृगळचं बोटुकलीपासून (बोटाएवढं पिल्लू) बाजारापर्यंतचं गणित इथलंच. अडचण पाण्याची आहेच: शेततळं एप्रिलमध्ये आटतं आणि माशाला वजन धरायला दहा-बारा महिने लागतात. म्हणून इथं मोठी बोटुकली सोडून कमी दिवसांत काढणी करायची पद्धत शिकवावी लागते, किनाऱ्यावरचं पुस्तक जसंच्या तसं चालत नाही.
प्रवेशाचं सांगायचं तर पशुवैद्यक (बी.व्ही.एस्सी.) नीटवर होतं, साडेचार वर्षं आणि एक वर्ष आंतरवासिता. मत्स्य आणि दुग्धतंत्र सीईटीवर. दरवर्षी लोक नीटच्या नादात सीईटीचा अर्ज भरत नाहीत आणि मग ही दारं आपोआप बंद होतात. दोन्ही अर्ज भरावेत. सीईटीत पीसीबी आणि पीसीएम असे वेगळे गट आहेत. मत्स्यला जीवशास्त्र लागतं, कोणत्या अभ्यासक्रमाला कोणता गट चालतो ते माहितीपत्रकात आधी बघून घ्या.

धर्माबादी_मिरची
सगळे महाराष्ट्राच्या नकाशातच फिरताय. नांदेड, देगलूर, धर्माबादच्या माणसाला हैदराबाद जवळ पडतं. धर्माबादच्या पुढचं स्टेशन बासर, तिथं आरजीयूकेटी या तंत्रविद्यापीठाचं ट्रिपल आयटी आहे, दहावीनंतर सहा वर्षांचा एकसंध अभ्यासक्रम. पण ते तेलंगणाच्या पोरांसाठी. सीमा ओलांडली की घटनेचं कलमच बदलतं: तिकडं ३७१-ड, स्थानिकांना राखीव. आपल्याकडं ३७१(२). त्यात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यात तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी न्याय्य रीतीनं वाटाव्यात असं लिहिलेलं आहे. विकास मंडळं १९९४ ला झाली, मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. दांडेकर समितीनं १९८४ च्या अहवालात अनुशेष काढला त्यात तंत्रशिक्षण हे वेगळं क्षेत्र होतं. तेव्हापासून 'अनुशेष' शब्द पोरासोरांना पाठ.

बालाघाटी
याच ओघात ७०:३० चा मुद्दा येतो. मेडिकलला राज्याच्या जागांपैकी ७० टक्के त्या-त्या विभागाला आणि ३० टक्के सगळ्या राज्याला, असं होतं. ऐकायला संरक्षण वाटतं, पण आपल्याकडं तेव्हा सरकारी कॉलेजं चारच: औरंगाबाद (१९५६), अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर. उर्वरित महाराष्ट्रात मुंबई-पुण्यासकट ढीगभर. त्यामुळं नीटला सारखेच गुण असून तिकडचा आत आणि इकडचा बाहेर. लातूर-नांदेडनं गुण वाढवले तशी ही कोंडी घट्ट झाली. सप्टेंबर २०२० ला ते रद्द झालं.

गोदाकाठ
रद्द झालं ते बरं झालं की वाईट, यावर आजही एकमत नाही. आता इथल्या कॉलेजात राज्यभरातून पोरं येतात, शिकून जातात. विभागाचे गुण जास्त असतील तोवर आपला फायदा, गुण घसरले की तोटा. कोट्याचा कुंपण म्हणून उपयोग कुणाला, हे दरवर्षीच्या निकालावर ठरतं.
त्यानंतरचा मोठा बदल मात्र जागांचा आहे. धाराशिव २०२२, परभणी २०२३, जालना आणि हिंगोली २०२४. बीड जिल्ह्याला अंबाजोगाई आहेच. आज आठही जिल्ह्यांत सरकारी मेडिकल कॉलेज आहे. म्हणजे मेडिकल हे आता कुठल्या एका शहराचं विशेषीकरण उरलं नाही. नव्या कॉलेजांत बघायचं ते अध्यापकांची पदं भरलेली आहेत का आणि जिल्हा रुग्णालयात रोजची बाह्यरुग्ण संख्या किती. इमारतीचा फोटो बघून काही कळत नाही.

वाळूजकर
उद्योग-शिक्षणाची सांगड मराठवाड्यात अजिबात नाही असं चित्र होतंय, ते खरं नाही. बजाज संभाजीनगरजवळच्या वाळूजला १९८५ ला आली, मागून सुटे भाग करणारे आले. त्याला धरून इंडो-जर्मन टूल रूम आली. तिचा टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा दहावीनंतर, चार वर्षांचा. नेहमीच्या मेकॅनिकल डिप्लोमापेक्षा एक वर्ष जास्त, आणि ते वर्ष यंत्रावर जातं. मायक्रॉनमध्ये काम: पंच आणि डाय यांच्यामधली फट पत्र्याच्या जाडीच्या ठरावीक टक्क्यात ठेवावी लागते. फट जास्त झाली की कडेला बर (धारदार खरबरीत काठ) येते, कमी झाली की पंच लवकर बोथट होतो. हे फळ्यावर शिकता येत नाही. पालक मात्र विचारतात 'डिग्री हाय का?' आणि पोराला कुठल्यातरी रिकाम्या इंजिनिअरिंगला टाकतात.
जालन्याला २०१८ पासून मुंबईच्या आयसीटीचा (रसायन तंत्रज्ञान संस्था) मराठवाडा परिसर आहे. केमिकल इंजिनिअरिंगचा पाच वर्षांचा एकात्मिक एम.टेक., मधल्या सत्रांत कारखान्यात काम. जालन्यात सळईचे कारखाने आणि बियाण्यांच्या कंपन्या, म्हणजे केमिकलचा थेट संबंध कमी. इथंही आधी संस्था आली, उद्योग पुढं येईल अशी आशा.

सरकी
वाळूजकर, म्हणजे नांदेडला उद्योग गेला आणि शिक्षण राहिलं, जालन्याला शिक्षण आलं आणि उद्योग यायचाय. दोघं एकाच वेळी एका गावात असल्याचं उदाहरण वाळूजच काय ते.

ज्वारीची_भाकर
वाल्मीही धरा. पाणी आणि जमीन व्यवस्थापनाची ती संस्था, १९८० ची, कांचनवाडीत. पदवी देत नाही, सिंचन खात्याच्या अभियंत्यांना आणि पाणी वापर संस्थांना प्रशिक्षण देते. दुष्काळाचा पट्टा म्हणून पाण्याचं शिक्षण इथं असावं हे बरोबरच. आयशेच्या तक्त्यात ती दिसत नाही.

लेकुरवाळी
फारच अभ्यासपूर्ण चाललंय, पण एक व्यवहारातला प्रश्न. पोरगं जालन्याचं, अकरावी-बारावी लातूरला. इंजिनिअरिंगला त्याचं होम युनिव्हर्सिटी, म्हणजे ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात तो 'घरचा' धरतात ते, कोणतं?

आकडेकाका
ताई, बारावी जिथून पास झाला ते ठिकाण बघतात, घर कुठं आहे ते नाही. लातूर जिल्हा स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो: नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली असे चार जिल्हे, स्थापना १७ सप्टेंबर १९९४. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव संभाजीनगरच्या विद्यापीठात. खासगी कॉलेजात ७० टक्के जागा त्या क्षेत्रातल्यांना, ३० टक्के बाहेरच्यांना. तेव्हा हा मुलगा संभाजीनगरच्या खासगी कॉलेजात 'बाहेरचा' ठरतो आणि ३० टक्क्यांत झगडतो, नांदेड-लातूरच्या कॉलेजात ७० टक्क्यांत येतो. शासकीय स्वायत्त संस्थांच्या जागा राज्यपातळीवर असतात, तिथं याचा फरक पडत नाही.
दोन ठिकाणी लोक फसतात. एक: शिकवणी लातूरला आणि नाव बीड जिल्ह्यातल्या गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात. मग गुणपत्रिकेवरचं कॉलेज मोजतात, शिकवणी नाही. दोन: कॉलेज रायगड जिल्ह्यातल्या लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलंय म्हणून रायगड धरतात. तसं नसतं, कॉलेज ज्या भागात आहे तिथलं क्षेत्र लागतं.

धर्माबादी_मिरची
यात सीमेवरच्यांसाठी भर. हैदराबादला इंटर केलं तर इंजिनिअरिंगला आई-वडिलांच्या महाराष्ट्र अधिवासावर अर्ज करता येतो. मेडिकलला राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागते, सवलती थोड्या आणि ठरावीकच. राजस्थानातल्या कोटा शहरात जाऊन तिथल्याच शाळेतून बारावी दिलेल्यांचंही तेच. मग मुख्यतः देशपातळीवरच्या १५ टक्के आणि अभिमत विद्यापीठं उरतात. हे अकरावीच्या प्रवेशाआधी बघायचं असतं, नीटच्या निकालानंतर नाही.

लेकुरवाळी
आभार काका, मिरचीताई. नाव लातूरच्याच कॉलेजात आहे.

निजामकाळ
मूळ प्रश्नाकडं येतो. आतापर्यंतचं बघता तिफण यांचं 'शेती-पशू-अन्न' टिकतंय. टेक्स्टाइलही धाग्याचं दुसरं टोक म्हणून त्यात बसतं. पण मला एक खटकतं: या सगळ्या जागा मिळून किती? आठ जिल्ह्यांतल्या एकूण विद्यार्थ्यांत त्यांचा टक्का फार लहान असणार.

आकडेकाका
तोच धोका गुणकात आहे. उदगीरच्या मत्स्यसारख्या अभ्यासक्रमाची राज्यात मोजकीच कॉलेजं, म्हणून लातूर जिल्ह्याचा गुणक आकाशाला भिडेल आणि प्रत्यक्ष विद्यार्थी एका एसटीत मावतील. म्हणून दोन तक्ते करावे लागतात. एक गुणकाचा, किमान पाचशे प्रवेश असलेल्या शाखांपुरता. दुसरा 'राज्यात अन्यत्र जवळपास नाहीच' अशा दुर्मीळ अभ्यासक्रमांचा, त्याला गुणक लावायचाच नाही. पहिल्या तक्त्यात मराठवाडा कला, फार्मसी, आणि आता मेडिकल असा दिसेल असा माझा अंदाज. शेती-पशू-अन्न दुसऱ्या तक्त्यात.

तिफण
म्हणजे मी दुसऱ्या तक्त्याबद्दल बोलत होतो आणि गाव पहिल्या तक्त्यात राहतं. ठीक आहे. मग भांडण 'दुर्मीळ ते जास्त भरावं का' यावर येतं. फूड टेकच्या जागा वाढवल्या तर प्रक्रिया कारखाने कुठायत? हळद वसमतला, मिरची धर्माबादला, तूर लातूरला. डाळमिलला बी.टेक. लागत नाही असं मिलवाले म्हणतात.

शेवगा
डाळमिलला लागत नाही हे अर्धसत्य. तूर भिजवणं, तेल लावणं, वाळवणं, भरडणं यात उतारा ७० टक्क्यांच्या आसपास अडकतो. दाणा नीट मुरला नाही, वाळवणीत ओलावा कमी-जास्त राहिला की टरफल सुटत नाही, चुनी वाढते. उतारा दोन-तीन टक्क्यांनी जरी वर गेला तरी दिवसाला १० टन भरडणाऱ्या मिलमध्ये रोज दोन-तीनशे किलो डाळ जास्त निघते. ते बघायला माणूस लागतो. मिलवाल्याला तो आठ-दहा हजारांत हवा असतो, ही खरी अडचण.

खवाभूम
भूमच्या खव्याबद्दल कुणी बोललंच नाही. दुग्धतंत्राची पदवी एकीकडं आणि खव्याच्या भट्ट्या दुसरीकडं. भट्टीवर लाकूड जळतं, तळ लागला की खवा तपकिरी होतो आणि भाव पडतो. वाफेच्या दुहेरी भिंतीच्या कढईनं हे सुटतं. त्याला बॉयलर लागतो, बॉयलरला परवाना आणि माणूस लागतो. तेव्हा शेवगा म्हणतात तसंच, पगारावर अडतं.

हुरडापार्टी
एवढं वाचून कळलं की मराठवाड्यात शिक्षण आहे, माल आहे, माणूस आहे. पगार तेवढा पुण्यात आहे.

आकडेकाका
तक्ता मी करायला घेतो. फक्त पहिल्या वर्षाचे प्रवेश, दूरस्थ वगळून, जिल्हा-कोडानं. तिसऱ्या नमुन्यातल्या स्वतंत्र संस्था कुणीतरी वेगळ्या काढून द्या. नर्सिंगच्या संस्था दोन्हीकडं सापडतात: पदवीच्या दुसऱ्या नमुन्यात, डिप्लोमाच्या तिसऱ्यात. एकच इमारत दोनदा मोजू नका.

वाळूजकर
पॉलिटेक्निकं मी करतो. थेट दुसऱ्या वर्षाला येणारे पहिल्या वर्षात धरायचे की नाही?

आकडेकाका
धरू नका, वेगळा रकाना ठेवा. ते डिप्लोमात एकदा मोजलेले असतात.